कमाटी बागेत दोघांनी

गेल्या महिन्यात एका उत्तराच्या ओघात मी या सदरात लिहिले होते की, बडोद्यात दोघांना निवांत बोलायचे असेल तर उपाहारगृहात तासभर टेबल अडवून बसण्यापेक्षा कमाटी बागेत एक फेरी मारावी. त्या एका वाक्यावर अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त पत्रे आली. त्यांतली चार या वेळी घेत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय २८ आहे. आम्ही तीन पिढ्या बडोद्यात, रावपुऱ्यात राहतो. दसऱ्यानंतर माझा साखरपुडा झाला, लग्न वैशाखात आहे. मुलगी नाशिकची आहे. फोनवर रोज बोलणे होते, पण प्रत्यक्ष भेटी फक्त तीन झाल्या आणि तिन्ही वेळा दोन्हीकडची माणसे भोवती होती. डिसेंबरात ती आईवडिलांबरोबर दोन दिवस बडोद्याला येत आहे आणि घरच्यांनी एक दुपार आम्हा दोघांना मोकळी दिली आहे. कमाटी बाग पाहायची असे तिनेच सुचवले. मी तिथे लहानपणी असंख्य वेळा गेलो आहे, पण तिला नेमके काय दाखवायचे आणि काय बोलायचे, हे सुचत नाही. संग्रहालय, प्राणिसंग्रहालय, तारांगण, आगगाडी हे सगळे चार तासांत कसे बसवावे?
– एक वाचक, रावपुरा

उत्तर : चार तासांत ते सगळे बसणार नाही आणि बसवायचा प्रयत्नही करू नये, असे मी तुम्हाला मनापासून सांगते. शंभर एकरांहून मोठ्या असलेल्या त्या बागेत तारांगणापासून आगगाडीपर्यंत धावपळ केली, तर संध्याकाळी दोघांचेही पाय दुखत असतील आणि एकमेकांविषयी नवे काहीही कळलेले नसेल. तिला बाग ‘दाखवायची’ आहे, असे तुम्ही म्हणता. एक दाखवणारा आणि एक पाहणारी असे झाले की एकजण बोलत राहतो आणि दुसरे माणूस मान डोलावत राहते. तुम्हाला हवे आहे ते याच्या अगदी उलटे.

कांदेपोह्यांच्या दिवसापासून तुम्ही दोघे समोरासमोर बसत आला आहात. समोरासमोर बसले की माणूस नकळत परीक्षेला बसल्यासारखा होतो. बशी नीट धरतो, हसू बेताचे ठेवतो, प्रश्नाला पटकन उत्तर देतो. चालताना तसे होत नाही. दोघांची तोंडे एकाच दिशेला असतात, नजर झाडावर, पाण्यावर, समोरून धावत येणाऱ्या पोरांवर असते, आणि एखादी अवघड गोष्ट सांगायची असेल तर ती डोळ्याला डोळा न भिडवता सांगता येते. बोलणे मध्येच थांबले तरी पाय चालू असतात, म्हणून गप्प राहणेही अवघड वाटत नाही. त्यामुळे ‘काय बोलायचे’ याची यादी खिशात घेऊन जाऊ नका. बघण्यासारख्या तीन-चार गोष्टी वाटेवर असल्या, की पुरे.

दुपारी तीनच्या सुमारास काळ्या घोड्यापाशी भेटा. बडोदेकर त्या पुतळ्यापाशी भेटतात, रिक्षावाल्याला त्याची खूण सांगतात आणि वर कोण बसले आहे याकडे मान वर करून पाहतही नाहीत. या वेळी मात्र पाहा, कारण घोड्यावर बसलेले महाराज सयाजीराव तिच्याच जिल्ह्यातले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेला गोपाळ नावाचा मुलगा महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि १८७५ मध्ये, वयाच्या अवघ्या बाराव्या वर्षी, तो बडोद्याच्या गादीवर बसला. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, ही बाग नागरिकांसाठी झाली तेव्हा महाराज पंधरा-सोळा वर्षांचे होते आणि कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते.

हे सगळे मी तुम्हाला माहिती म्हणून सांगत नाही. नाशिककडचे घर सोडून एक मूल या परक्या शहरात आले, इथली भाषा शिकले आणि पुढे हे शहर त्याचे झाले. तुमची होणारी पत्नीही वैशाखात नाशिक सोडून इथे येणार आहे. घोड्यापाशी उभे राहून महाराजांच्या कर्तृत्वाची गाथा सांगण्यापेक्षा तिला एवढेच विचारा की, नाशिकचे काय सोडून येताना तिला सर्वांत जड जाणार आहे. तिने गोदाघाट म्हटला, घरातली गच्ची म्हटली किंवा नुसते आईचे नाव घेतले, तरी लगेच ‘बडोदाही छान आहे’ असे म्हणून तिची समजूत काढू नका. ऐकून घ्या आणि चालू लागा. लग्नाआधी हा प्रश्न कोणी विचारला होता, हे स्त्रिया आयुष्यभर लक्षात ठेवतात, असे या सदराला येणाऱ्या पत्रांवरून मी खात्रीने सांगू शकते.

तिथून बागेत शिरण्याआधी विश्वामित्रीवरच्या पुलावर दहा मिनिटे थांबा. भर शहरातून वाहणाऱ्या या नदीत मगरी राहतात, हे बाहेरगावच्या माणसाला सांगितले तर खरे वाटत नाही. हिवाळ्यात त्या ऊन खायला काठावरच्या चिखलात येतात. आधी दिसत नाही. ओंडका आहे, दगड आहे असे वाटते, मग त्या ओंडक्याला डोळा असल्याचे लक्षात येते. जबडा उघडा ठेवून ती तशीच निश्चल पडून राहते. रागावली म्हणून नव्हे, तर अंगातली उष्णता बेताची ठेवण्यासाठी तिला तसे करावे लागते. ‘ती बघ’ आणि ‘कुठे?’ या दोन शब्दांत दोन माणसे जितकी जवळ येतात तितकी तासभराच्या गप्पांनीही येत नाहीत, कारण एकाला दिसलेले दुसऱ्याला दिसावे म्हणून बोट धरावे लागते, खांद्याजवळून पाहावे लागते. अर्थात हे पुलावरूनच पाहावे. फोटोसाठी काठावर उतरू नये, आणि तिच्यासमोर धीटपणा दाखवण्यासाठी तर मुळीच नको.

संग्रहालय साधारणपणे संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होते, म्हणून ते फिरण्याच्या आधी करावे. सुट्टीचा दिवस कोणता, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. मेजर मँट आणि चिझम या वास्तुविशारदांच्या नावावर असलेली ती इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली. शेजारचे चित्रदालन १९१४ मध्ये बांधून झाले होते, पण पहिल्या महायुद्धामुळे युरोपात घेतलेली चित्रे अडकून पडली आणि दालन लोकांसाठी उघडायला १९२१ साल उजाडले. सात वर्षे भिंती चित्रांची वाट पाहत होत्या. तुम्हाला वैशाखापर्यंतच थांबायचे आहे.

आत गेल्यावर सर्व दालने पाहू नका. देवमाशाचा सांगाडा मात्र आवर्जून पाहा, कारण तो मोठ्या माणसालाही क्षणभर लहान करतो. १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला हा देवमासा आहे. इजिप्तची ममी पाहायची की नाही, हे तिच्यावर सोपवा. त्यानंतर माझ्या मते एकाच ठिकाणी खरा वेळ द्यावा आणि ते ठिकाण म्हणजे अकोट्याची कांस्यशिल्पे. आज आपण ज्याला अकोटा म्हणतो ते जुने अंकोट्टक. तिथे १९५१ मध्ये जैन कांस्यमूर्तींचा मोठा साठा सापडला. त्यांत जीवंतस्वामींची मूर्ती आहे. महावीरांनी संसार सोडण्याआधीचे, राजपुत्र असतानाचे हे रूप, म्हणून डोक्यावर मुकुट आणि अंगावर दागिने आहेत. पण चेहरा पाहिला तर माणूस निघून जाण्याचे मनाशी ठरवून उभा आहे असे वाटते. त्याच साठ्यातली चामरधारिणी, म्हणजे चवरी ढाळणारी स्त्री, आहे. एका अंगावर भार टाकून, कमरेत किंचित वळून ती अशी उभी आहे की, आत्ताच पाय बदलेल असा भास होतो. मी विद्यापीठात शिकत असताना तिला पाहायला अनेकदा जात असे आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा मला वेगळा वाटे: कधी दमलेला, कधी मनातल्या मनात गाणे म्हणणारा. तुम्ही दोघांनी ती मूर्ती दोन मिनिटे न बोलता पाहा आणि मग तिच्या मनात काय चालले असेल, हे एकमेकांना सांगा. उत्तरे वेगळी येतील. वेगळी आली की, ‘तुला असे का वाटले?’ एवढेच विचारायचे.

पाचनंतर बाग खरी खुलते. झाडांखालून तिरपे ऊन येते, शाळेतून आलेली मुले इकडेतिकडे धावतात, आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. फुलांच्या घड्याळापाशी क्षणभर थांबायला हरकत नाही. त्याचे यंत्र जमिनीखाली असते, वर फक्त काटे आणि फुलझाडे दिसतात. मग बँडस्टँडकडे वळा. संस्थानाच्या काळात वादकांसाठी उभारलेला तो लोखंडी चौथरा, खांबांवरचे छप्पर आणि भोवतीची मोकळी जागा, यांत बसायला मला सर्वांत जास्त आवडते. समोर कोणी वाजवत नसले तरी त्या जागेचा मोहरा ऐकण्याकडे आहे. लग्नानंतरच्या घरातल्या गोष्टी – तिची नोकरी, आईबरोबर राहणे, पैसे कोणी कसे सांभाळायचे – यांपैकी जे फोनवर टाळले गेले असेल, ते तिथे काढा. एकच काढा. बाकीच्यांना आयुष्य पडले आहे.

तुम्ही विचारलेले नाही, पण अनेकजण अडखळत विचारतात म्हणून लिहिते. हात धरावा की नाही, याचे उत्तर तिच्या पावलांत असते. ती तुमच्या बरोबरीने चालत असेल, मध्ये अंतर ठेवत नसेल, तर विचारून हात पुढे करा. ‘धरू का?’ या दोन शब्दांनी प्रेम कमी होत नाही. ती चार पावले बाजूने चालत असेल तर तिला तसेच चालू द्या. बागेतून बाहेर पडल्यावर एखाद्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, सेव-उसळ खा. तर्री जरा बेताची घालायला सांगा, नाशिकच्या मिसळीची सवय असली तरी बडोद्याची लसणीची चटणी वेगळी लागते. आणि तिला ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटे आधी घरी पोहोचवा.

प्रश्न : मी २१ वर्षांची असून विद्यापीठात शिकते. शहरातल्या एका बागेत मी आणि माझा मित्र भर दुपारी बाकावर बसून बोलत होतो. एका रखवालदाराने येऊन आम्हाला उठवले, माझ्या वडिलांचा फोन नंबर मागितला आणि लोकांसमोर नको ते बोलला. मी रडत घरी आले. तेव्हापासून बागेत जायचे धाडस होत नाही. आमचे काही चुकले का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : नाही. सार्वजनिक बागेत दोन सज्ञान माणसांनी शेजारी बसून बोलणे हा कोणत्याही कायद्याने गुन्हा नाही, आणि ते बोलणे प्रेमाचे असले तरी नाही. बागेची वेळ संपली असेल, हिरवळीवर बसायला मनाई असेल, तर रखवालदाराने तेवढे सांगावे आणि आपण उठावे. वडिलांचा नंबर मागण्याचा अधिकार त्याला नाही.

पुन्हा असे झाले तर रडू येईल, येऊ द्या, पण नंबर देऊ नका. शांतपणे त्याचे नाव आणि तो कोणाकडे कामाला आहे हे विचारा, आणि जिथे कुटुंबे बसली आहेत अशा बाकाकडे चालत जा. कोणी अडवले किंवा पैसे मागितले तर गुजरातेत महिलांसाठी १८१ क्रमांकाची अभयम् मदतवाहिनी आहे. तिथे फोन करायला कचरू नका. आणि घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला – आई, मावशी, काकू, कोणीही – हा प्रसंग आजच सांगून ठेवा. घरी आधीच ठाऊक असले की, ‘घरी सांगतो’ या धमकीत काही उरत नाही.

बागेत जाणे मात्र सोडू नका. पुढच्या आठवड्यात एखाद्या मैत्रिणीला घेऊन त्याच बाकावर पाच मिनिटे बसून या. तो बाक तुमचाही आहे.

प्रश्न : आम्ही नागपूरचे. गेल्या महिन्यात आमचे लग्न झाले. माझ्या मिस्टरांच्या कामानिमित्त आम्ही बडोद्याला जाणार आहोत. कमाटी बागेतील संकल्पभूमीवर जायची आम्हा दोघांची लहानपणापासूनची इच्छा आहे. पण सासूबाई म्हणतात की, ती फिरायला जायची जागा नाही, तिथे नवरा-बायकोने हातात हात घालून जाणे बरे दिसत नाही. आपले मत काय?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमच्या सासूबाईंच्या बोलण्यामागे जो आदर आहे, तो मला समजतो आणि मी त्याच्याशी वाद घालणार नाही. फक्त तिथे काय घडले, ते त्यांच्यासमवेत एकदा पुन्हा वाचा असे सुचवते.

बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेला जाऊन शिकलेले बाबासाहेब आंबेडकर करारानुसार संस्थानाची नोकरी करायला १९१७ मध्ये बडोद्याला आले. अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव सांगून आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितले. ओळखीच्या माणसांकडे विचारून झाले, कुठेही आसरा मिळाला नाही. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. मधले पाच तास त्यांनी कमाटी बागेत काढले. आपल्या आठवणींत त्यांनी लिहिले आहे की, त्या वेळी कधी मन रिकामे होते, कधी झाल्या प्रकाराचे दुःख होत होते, आणि निराधार झालेल्या लेकरासारखी त्यांना आईवडिलांची आठवण येत होती. दरवर्षी २३ सप्टेंबरला संकल्पदिनी तिथे दुरून माणसे येतात, ती त्या पाच तासांना आणि त्यांतून निघालेल्या, अस्पृश्यतेविरुद्ध लढण्याच्या निश्चयाला वंदन करायला येतात.

माझे मत असे की, या जागी जोडीने जाणे अतिशय योग्य आहे. त्या दिवशी ते तिथे एकटे होते. पत्नी रमाबाई मुंबईला होत्या. जगातल्या नामांकित विद्यापीठात शिकलेल्या माणसाला ज्या शहरात एक खोली मिळाली नाही, त्या शहरात तुम्ही दोघे उजळ माथ्याने एकत्र चालत याल, हाच मला त्या जागेचा मोठा मान वाटतो. हातात हात असण्याने त्या मानाला बाधा येत नाही.

एक मात्र करा. संकल्पभूमी ही फेरीतले एक ‘ठिकाण’ म्हणून मधे बसवू नका. सकाळी आधी तिथे जा, फुले न्यायची तर न्या, मोबाइल पिशवीत ठेवा आणि थोडा वेळ बसा. मी स्वतः तिथे गेले होते तेव्हा एक वयस्क जोडपे पुढ्यातल्या फरशीवर पायांतल्या चपला बाजूला काढून बसले होते. बाई हळू आवाजात काही म्हणत होत्या आणि गृहस्थ डोळे मिटून ऐकत होते. मी त्यांच्या मागे उभी राहिले आणि मला काही म्हणावेसेच वाटले नाही. तिथून उठल्यावर बागेत फिरावे, झाडांखाली डबा खावा, फोटो काढावेत. त्यात गैर काहीच नाही. सासूबाईंना बरोबर नेता आले तर आणखी चांगले. त्या आल्या तर त्यांच्याच हाताने फुले वाहा.

प्रश्न : माझे वय ६२, यजमानांचे ६८. पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाला चाळीस वर्षे होतील. माझे सासर दांडिया बाजारातले, घरात चौदा माणसे. लग्न झाले तेव्हा दोघांना बोलायलासुद्धा जागा नव्हती. सासूबाई मला खंडेराव मार्केटला भाजी आणायला पाठवत, पिशव्या उचलायला म्हणून हे बरोबर येत, आणि आम्ही वाट वाकडी करून कमाटी बागेत वीस मिनिटे बसून घरी जात असू. उशीर का झाला म्हणून विचारले की, ‘मार्केटात गर्दी होती’ असे सांगत असू. आता मुले परदेशी आहेत, घरात दोघेच आहोत, पण दिवसभरात दहा वाक्येही होत नाहीत. यांचे गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे. मी म्हटले, आपण वाढदिवसाला बागेत जाऊ. तर म्हणाले, ‘या वयात बागेत काय जायचे? लोक काय म्हणतील?’ त्यांना कसे तयार करावे?
– एक गृहिणी, बडोदे

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना त्या भाजीच्या पिशवीपाशी बराच वेळ थांबले. चौदा माणसांच्या घरात चोरून मिळवलेली वीस मिनिटे तुम्हाला चाळीस वर्षांनी आठवतात, आणि आज सगळा दिवस मोकळा असताना बोलणे होत नाही. यात तुमच्या दोघांचे प्रेम आटले असे मला वाटत नाही. घरातल्या बोलण्याला विषय लागतो आणि तो तुमच्याकडे उरलेला नाही: मुलांची शाळा संपली, सासूबाईंची औषधे संपली, उरला तो दूरचित्रवाणी संच. बागेत विषय आपोआप पुढ्यात येतो. समोरून कोणी जाते, खार बाकावर चढते, कोणाची चप्पल तुटते, आणि माणूस शेजारच्या माणसाला ते सांगतो.

‘लोक काय म्हणतील’ याविषयी एवढेच सांगते की, सकाळी सात वाजता कमाटी बागेत गेलात तर तुमच्या वयाची इतकी माणसे दिसतील की यजमानांना संकोच वाटायला जागा उरणार नाही. कोणी झपझप चालत असते, कोणी हातवारे करून राजकारणावर बोलत असते, आणि काही जोडपी गुपचूप बाकावर बसून असतात. याच शहरात महाराणी चिमणाबाईंनी पडदा बाजूला सारला आणि त्या सभेत पती सयाजीराव महाराजांच्या शेजारी येऊन बसू लागल्या, तेव्हाही लोक बोलले असतीलच. पुढे १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

गुडघ्याचा विचार मात्र नीट करावा. डॉक्टरांनी चालण्याची परवानगी किती दिली आहे, ते आधी विचारा. रविवार टाळा. रिक्षा थेट दारापर्यंत न्या. सपाट, डांबरी वाटेनेच चाला. हिरवळीवर आणि झाडांच्या मुळांवर पाय घसरतो. एका बाकापासून पुढच्या बाकापर्यंत, असे टप्पे करा आणि प्रत्येक बाकावर त्यांना थांबायचे आहे म्हणून नव्हे, तर तुम्हाला बसायचे आहे म्हणून बसा. गुडघा दुखणाऱ्या पुरुषाला ‘दमलात का?’ असे विचारलेले आवडत नाही. थर्मासमध्ये चहा न्या, साखर त्यांना चालते तशीच. पावसाळ्यात जाणार असाल तर नदीला पाणी किती आहे ते पाहून जा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचा पूर शहरात किती आत शिरला होता, ते तुम्हाला सांगायला नको. मुलांना तिथून फोन लावू नका. नातवंडांशी बोलणे घरी आल्यावर होईल.

पूर्वी कोणत्या बाकावर बसत होता, ते शोधायला सांगा. बाक बहुधा बदललेले असतील. तो इथे होता की तिकडे झाडाजवळ होता, यावर तुमचे दोघांचे एकमत होणार नाही. होऊ देऊही नका. माझे वडील शेवटच्या वर्षांत आईशी एका हरवलेल्या विहिरीच्या जागेवरून असाच वाद घालत आणि त्या वादात दोघांचेही आवाज तरुण होत.

आता राहिले त्यांना तयार करण्याचे. ‘बागेत जाऊ’, ‘लग्नाचा वाढदिवस साजरा करू’ यांपैकी काहीही म्हणू नका. त्या दिवशी सकाळी दोन कापडी पिशव्या काढा, एक त्यांच्या हातात द्या आणि मार्केटला जायचे आहे, पिशव्या उचलायला चला, असे म्हणा. खंडेराव मार्केट आले तरी रिक्षा थांबवू नका, सरळ काळ्या घोड्याकडे घ्यायला सांगा. त्यांना आठवेल. भाजी मात्र परत येताना खरोखर घ्या. तेव्हाही ती घ्यावीच लागत असे.